व्यायामाच्या सामानाची पिशवी कशी बेतावी

दुकानात पिशवी बघताना आपल्या डोळ्यांपुढे घडी घातलेला टॉवेल, कोरडे बूट आणि धुतलेला टी-शर्ट असतो. जाताना सामान तसंच असतं. येताना तेच सामान फुगलेलं, ओलं, मातीनं भरलेलं आणि वास मारणारं असतं, आणि बऱ्याचशा पिशव्या तिथेच नापास होतात. म्हणून पिशवी स्वतः शिवायची असो की शिवणाऱ्याकडून करून घ्यायची असो, माप परतीच्या सामानाचं घ्यावं.

तालमीतच मुक्काम असणाऱ्या पैलवानाला पिशवीची फारशी गरज नसते; लंगोट खुंटीवर, बाकीचं ट्रंकेत. अडचण होते ती सकाळी तालमीत किंवा जिममध्ये जाऊन तिथूनच कामावर पळणाऱ्याची. एकाच पिशवीत घामट कपडे आणि इस्त्रीचा शर्ट, बाहेर जुलैचा पाऊस आणि पिशवी दुचाकीवर. हा लेख त्याच्यासाठी.

सामान मांडा, मगच माप

व्यायाम करून आल्यावर, काही न धुता, सगळं सामान जमिनीवर कागद पसरून मांडा. त्याचे तीन ढीग करा: ओलं, मळकं, कोरडं. कुस्तीवाल्याच्या ओल्या ढिगात लंगोट आणि पंचा असेल, मळक्यात मॅटवरचे बूट, कोरड्यात तेलाची बाटली आणि बदलायचे कपडे. फुटबॉलवाल्याचा मळका ढीग सगळ्यांत मोठा: स्टडचे बूट, शिनगार्ड, चिखलाचे मोजे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पळायला किंवा रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्याचं सामान एवढंसं असतं, त्यानं मोठ्या पिशवीच्या नादाला लागूच नये. १५ लिटरची पाठीवरची पिशवी त्याला पुरते.

बाकीच्यांना साधारण ३० लिटर लागतात. त्यापेक्षा मोठी केली की माणूस ती भरतोच, आणि आठवड्याचे मोजे तळाशी साठतात.

पुढे दिलेली मापं ४६ सेंटिमीटर लांब, २६ रुंद आणि २६ उंच पिशवीची आहेत. कोपरे ५ सेंटिमीटर त्रिज्येनं गोल केले की आत बरोबर ३० लिटरच्या आसपास जागा मिळते. कोपरे गोल करण्याला कारण आहे. टोकदार कोपरा आधी झिजतो, आणि मशीनवर जाड कापडाचा काटकोन वळवताना नवखा माणूस घामाघूम होतो.

कापड घेण्याआधी रद्दी पेपर चिकटवून या मापाची खोटी पिशवी करा आणि ती गाडीवर ठेवून बघा. स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत ठेवायची असेल तर पाय नीट टेकतात का, हँडल पूर्ण वळतं का, हे पाहा. मोटारसायकलवर पाठीला लावणार असाल तर मागं बसणाऱ्याचाही विचार करा. लांबी कमी करायची असेल तर ती इथेच, कागदावर करावी.

कापड

कोल्हापूरकराला पहिला मोह चामड्याचा होतो. पापाच्या तिकटीवरून चप्पल घ्यावी, पिशवी मात्र चामड्याची करू नये. घाम आणि ओल लागून चामडं कडक होतं, पावसाळ्यात बुरशी धरतं. दुसरा मोह जाड सुती कॅनव्हासचा. दिसतो झकास, हातालाही बरा लागतो, पण भिजला की जड होतो आणि श्रावणातल्या दमट हवेत दोन दोन दिवस वाळत नाही.

पॉलिएस्टर किंवा नायलॉन घ्या, आतल्या बाजूला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा लेप असलेलं. दुकानदार ‘६०० डेनियर’ असं काही सांगेल. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन, तो त्या धाग्याचा डेनियर. आकडा मोठा तसा धागा जाड. अंगाला ६०० पुरतो. तळ जमिनीवर, फरशीवर, गाडीच्या पत्र्यावर घासतो, म्हणून तळाला १,००० डेनियरचा दुसरा थर लावा. गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्यांकडे असं कापड आणि त्याचे उरलेले तुकडे मिळतात.

लेपाची बाजू आत ठेवायची. त्या कापडाला टाचणी लावू नका. तिचं भोक बुजत नाही, पाणी तिथूनच झिरपतं. दोन थर धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम.

आतलं अस्तर फिक्या रंगाचं असावं, राखाडी किंवा पिवळट. काळ्या अस्तराच्या पिशवीत पहाटे पाच वाजता गाडीची किल्ली सापडत नाही. आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल मिसळलेलं असतं, त्याचे डाग फिक्या अस्तरावर पडणारच, पडू द्यावेत. बाहेरच्या रंगाबद्दल एवढंच की निवडण्याआधी रोज कुठल्या पेठेतून घरी जायचं आहे ते आठवावं, विशेषतः शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या, आपापल्या रंगांच्या संघांचा फुटबॉलचा हंगाम चालू असताना.

ओल्याची सोय

पिशवीचा सगळा शहाणपणा या भागात आहे, त्यामुळे इथे घाई नको.

ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे आणि कपड्यातले जिवाणू घामातल्या पदार्थांवर जगतात, त्यातून वास तयार होतो. त्यांना ओल, ऊब आणि वेळ लागतो, आणि बंद पिशवी या तिन्ही गोष्टी पुरवते. ओल आणि ऊब आपण पूर्ण काढू शकत नाही. वेळ कमी करू शकतो, आणि ओल बाकीच्या सामानापर्यंत जाऊ न देणं शक्य आहे.

त्यासाठी ओल्या कपड्यांना कप्पा करू नका, वेगळी काढता येणारी पिशवी करा. मुख्य पिशवीत शिवून टाकलेला ओला कप्पा धुता येत नाही, उलटा करून वाळवता येत नाही. महिन्याभरात तोच वासाचं मूळ होतो. लेपाचं पातळ नायलॉन घ्या, ४० बाय ५० सेंटिमीटरचे दोन तुकडे तीन बाजूंनी जोडा. तोंड तीनदा गुंडाळून बकल लावता येईल असं ठेवा. आत चार टिचबटणं लावून ती मुख्य पिशवीच्या एका बाजूला अडकवा. घरी पोचल्यावर टिचबटणं काढायची आणि पिशवी तशीच न्हाणीत न्यायची. कपडे बादलीत, पिशवी उलटी करून दोरीवर.

ओल्या पिशवीला जाळी लावावी, हवा खेळेल, असं पुष्कळांना वाटतं. गाडीच्या हादऱ्यात जाळीतून पाणी शर्टावर येतं. जाळी बुटांना चालते, लंगोटाला नाही.

बुटांचं गणित वेगळं. ते धुतले जात नाहीत, म्हणून त्यांना हवा लागते. नऊ नंबरचा बूट बाहेरून ३० सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे २६ रुंदीच्या पिशवीत तो आडवा मावत नाही. त्याला लांबीच्या दिशेनंच आत घालावं लागतं. पिशवीच्या एका टोकाच्या तुकड्यावर खालून १४ सेंटिमीटरवर २२ सेंटिमीटरची आडवी चेन बसवा आणि तिच्या मागे सैल कापडी खोळ शिवा, ३६ सेंटिमीटर खोल. खोळीच्या तोंडाशी चुण्या घालाव्या लागतील. बूट नसताना ती सपाट पडते आणि जागा अडवत नाही. चेनच्या दोन सेंटिमीटर खाली, बाहेरचं कापड आणि खोळ अशा दोन्ही थरांतून आरपार, पितळी आयलेट (हवेच्या भोकांच्या कड्या) ठोका, चार पुरेत. नुसत्या बाहेरच्या कापडाला आयलेट लावली तर ती शोभेचीच राहतात.

चेन आणि बेल्ट

चेनचा नंबर म्हणजे बंद दातांची साधारण रुंदी, मिलिमीटरमध्ये. वरच्या तोंडाला ८ किंवा १० नंबर, लहान कप्प्यांना ५. धातूची चेन घामानं आणि पावसानं गंजते. गुंडाळी दातांची चेन वळणावर छान वळते, पण बारीक माती तिच्यात अडकते. सरळ तोंडाला सुट्ट्या, जाड प्लॅस्टिक दातांची चेन मातीतही चालते. समोरासमोर दोन रनर घ्या, एक अडला तर दुसऱ्यानं काम भागतं.

बेल्ट पॉलिएस्टरचा, ३८ मिलिमीटर रुंद. नायलॉन भिजल्यावर थोडा ताणतो. सगळ्यांत स्वस्त पॉलीप्रॉपिलीनचा बेल्ट अॅडजस्टरमधून सटकतो आणि उन्हात ठिसूळ होतो. एकूण साडेचार मीटर घ्या: हातपट्ट्यांना अडीच, खांद्याला दीड, बाकी डी-रिंगच्या (इंग्रजी D च्या आकाराच्या कड्यांच्या) पट्ट्यांना. कापलेलं टोक लायटरनं लगेच वितळवा.

हातपट्टी पिशवीच्या काठाला शिवू नका. एकच लांब बेल्ट तळाखालून काढून दोन्ही बाजूंनी वर घ्या, वर दोन्हीकडे ६० सेंटिमीटरचे फास सोडा. मग वजन कापडावर न येता बेल्टवर येतं. जोड तळाखाली ठेवा. जिथे बेल्ट कापडाला सोडून वर निघतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची. सीटकव्हरवाले ही शिवण डोळे मिटून घालतात, त्यांच्याकडून शिकून घ्यावी.

खांद्याच्या पट्ट्याच्या डी-रिंगा दोन टोकांना तिरक्या समोरासमोर लावा, एक पुढच्या काठावर, दुसरी मागच्या. सरळ रेषेत लावल्या तर मोटारसायकलवर जरा वाकलात की पिशवी पोटावर येते. २५ मिलिमीटरचा एक आडवा पट्टा काखेखालून बकलला अडकवलात तर ती अजिबात हलत नाही. उरलेली टोकं गुंडाळून इलॅस्टिकच्या कडीत कोंबा. लोंबता बेल्ट चाकात किंवा गाडीच्या चेनमध्ये गेला तर पिशवीपुरतं भागत नाही. मागच्या बाजूला अडीच सेंटिमीटरची चमकपट्टी हवीच. पहाटे निघणाऱ्यानं ती दागिना समजून लावावी.

बेतणं आणि शिवणं

शिवणीला सगळीकडे दीड सेंटिमीटर धरून तुकडे असे पडतात:

- अंगाचा एक तुकडा, ९६.५ बाय ४९ (घेर ९५.५, त्यातून चेनचे दिसणारे २ वजा, शिवणीचे ३ अधिक)
- टोकाचे दोन, २९ बाय २९, कोपरे साडेसहाच्या त्रिज्येनं गोल
- तळाचा जाड थर, ४९ बाय २६
- बुटाच्या खोळीचे दोन, ३६ बाय ३९
- अस्तर, अंग आणि टोकांच्या मापाचं

पाण्याची बाटली बाहेर, बुटांच्या विरुद्ध टोकाला, जाळीच्या कप्प्यात. थंड बाटली आत ठेवली की सगळं दमट होतं. मोबाइल-किल्लीचा कप्पा आत, वरच्या चेनलगत.

घरच्या मशीनवर दोनतीन थर जातात. १६ नंबरची सुई, अडखळली तर १८. दोरा पॉलिएस्टरचा, टाका तीन ते चार मिलिमीटर. बारीक टाके घातले तर कापडाला भोकं भोकं होऊन ते फाडायच्या तिकिटासारखं सुटतं. बेल्टच्या जाड जागा मात्र सीटकव्हरवाल्याच्या किंवा चपला शिवणाऱ्याच्या मशीनवर न्या. घरच्या मशीनशी भांडून सुया मोडण्यात अर्थ नाही.

क्रम महत्त्वाचा. कापड सपाट आहे तोवर जे काही वर बसवायचं ते सगळं बसवून घ्या: तळाचा थर, बेल्ट, चमकपट्टी, टोकावरची चेन आणि खोळ, जाळी, टिचबटणं. नळकांडं झाल्यावर मशीनचा पाय आत जात नाही. मग वरची मोठी चेन लावून अंगाचं नळकांडं करा. ती अर्धी उघडी ठेवा. बंद चेन ठेवून दुसरं टोक जोडलं तर पिशवी उलटवायला वाट राहत नाही. टोकं जोडताना अंगावर आणि टोकावर चार चार खुणा करून त्या जुळवा, वळणावर अंगाच्या कापडाला एक सेंटिमीटर खोल छेद द्या. शेवटी आतल्या सगळ्या कडांना पट्टी मारा. लेपाचं कापड कडेनं सुटतं आणि सुटलेला धागा नेमका रनरमध्ये जातो.

तळाशी ठेवायला ४४ बाय २२ चा पाच मिलिमीटर सनबोर्ड (फोमचा हलका, कडक तक्ता) कापून घ्या. वाढदिवसांच्या बोर्डांमुळे या शहरात सनबोर्डच्या तुकड्यांना तोटा नाही. जुन्या फ्लेक्सचं पावसाळी कव्हर करायचं मात्र मनात आणू नका. जड असतं आणि घडीवर तडकतं. त्यासाठी छत्रीचं कापड घ्या, कडेला इलॅस्टिक घाला. हे कव्हर लागतंच, कारण कापड पाणी अडवतं तरी सुईची भोकं आणि चेन अडवत नाहीत.

वापरण्याआधी

पिशवीत दहा किलो तांदूळ भरून रात्रभर हातपट्ट्यांवर टांगा. सकाळी चौकोन-फुलीच्या शिवणी बघा. कापड ओढल्यासारखं दिसलं तर तिथे आतून कापडाचा एक तुकडा लावून पुन्हा शिवा. मग ओल्या पिशवीत तांब्याभर पाणी ओता, तोंड गुंडाळून आडवी ठेवा. खालच्या दोन कोपऱ्यांतून थेंब येतीलच. आतून शिवणटेप इस्त्रीनं चिकटवली की थांबतात, फक्त इस्त्री मंद ठेवा.

मुख्य पिशवी गरम पाण्यात धुऊ नये आणि ओली गुंडाळून ठेवू नये. उष्णता आणि ओल यांनी पीयूचा लेप चिकट होऊन सुटायला लागतो. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, मग पंख्याखाली उलटी टांगणं, एवढं पुरतं. चेनमध्ये माती बसली तर जुन्या टूथब्रशनं झाडून दातांवर मेणबत्ती घासा, तेल घालू नका, त्याला आणखी माती चिकटते. रनर ओढूनही मागे दात उघडेच राहायला लागले तर चेन बदलू नका. पकडीनं रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा. एकदोनदा एवढ्यावर भागतं, त्यानंतर रनर नवा टाकावा लागतो.