गणपतीच्या मखरासाठी क्विलिंगची जास्वंद

चतुर्थीला मखरावर क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं हवी असतील तर श्रावणातच कामाला लागायला हवं. आणि आपल्या किनारपट्टीवर श्रावण म्हणजे दमट हवा. कागद ओल धरतो, गुंडाळी सैल पडते, फेविकॉल लवकर सुकत नाही. त्यामुळे पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. लागतील तेवढ्याच पट्ट्या बाहेर काढा.

कागद १२० जीएसएमचा, म्हणजे जरा जाडसर घ्या. झेरॉक्सचा पातळ कागद पावसात मऊ पडतो, तो नकोच. ए-४ लाल कागदाच्या ५ मिमी रुंदीच्या लांब पट्ट्या कापा आणि दोन पट्ट्या जोडून एक पाकळी करा.

क्विलिंग टूलच्या, म्हणजे टोकाला खाच असलेल्या काडीच्या खाचेत पट्टीचं टोक अडकवून एकसारख्या ताणाने गुंडाळत जा. गुंडाळी अलगद काढून पाण्याच्या बाटलीच्या झाकणात सोडा. ती आपोआप तेवढीच उलगडते आणि पाचही पाकळ्या सारख्या होतात. सुटं टोक टूथपिकवर घेतलेल्या थेंबभर फेविकॉलने चिकटवा. जास्त लावाल तर कागद फुगतो आणि डाग पडतो. पूर्ण सुकू द्या, घाई इथेच नडते. मग आतले वेढे एका बाजूला सरकवून तिथे चिमटा काढा, की थेंबाचा आकार येतो. समोरची गोल कड नखाने किंचित आत दाबली की जास्वंदीची मुरड दिसते. टोकं मध्यभागी जुळवून पाकळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवून एकमेकींना चिकटवा.

खरी गंमत मधल्या तुऱ्यात आहे. माडाच्या झाडूचा एक हीर बोटभर तोडून त्याला लाल पट्टी तिरकी गुंडाळा. पिवळ्या पट्टीला एका कडेने बारीक चिरा देऊन ती वरच्या अर्ध्या भागावर फिरवा, चिरा बोटाने फुलवा. अगदी टोकाला लाल कागदाचे पाच बारके ठिपके लावा. दारातल्या जास्वंदीला पाचच असतात, पाहून घ्या.

युरोपात पूर्वी मठातल्या जोगिणी सोनेरी कडेच्या पट्ट्यांनी देवाच्या वस्तू अशाच सजवत. आपल्याकडे २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर मखरासाठी कागदाकडे वळणं साहजिकच होतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. वाडीतल्या बायका पडवीत एकत्र बसल्या तर काम वाटून घ्या: पोरांनी गुंडाळावं, चिमटे मात्र एकीनेच काढावेत, नाहीतर फुलं एकसारखी होत नाहीत. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना रंगीत पट्ट्या आणायला आधीच सांगून ठेवा, गावात सगळ्या छटा मिळत नाहीत.

वॉर्निशचा स्प्रे उघडीप असेल त्या दिवशीच, पातळ दोन हात मारा. भर पावसात मारला तर पांढुरकी साय धरते. माटवीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवर ही फुलं बांधू नका, तिथल्या ओल्या कवंडळांनी आणि शिपट्यांनी भिजतील. समई-निरांजनापासूनही लांबच लावा.