जुनं प्लगइन विंडोज अडवतंय? अख्खी सुरक्षा बंद करू नका

ऑफिसचं एखादं जुनं पोर्टल जावा किंवा अ‍ॅक्टिव्हएक्स या जुन्या प्लगइनशिवाय (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय) उघडत नाही आणि विंडोज ‘प्लगइन कालबाह्य’ म्हणून अडवतं. आधी प्लगइनची नवी आवृत्ती चालते का बघा. बऱ्याचदा तिथंच काम होतं. नाहीच चाललं तर एज ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, डीफॉल्ट ब्राउझर इथं जाऊन आयई मोडची (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान उघडायच्या सोयीची) परवानगी द्या आणि फक्त त्याच पोर्टलचा पत्ता यादीत घाला. ही नोंद 30 दिवसांनी आपोआप संपते, म्हणून महिन्याभरानं पोर्टल अचानक रुसलं तर पहिल्यांदा तिथंच बघायचं.

तरीही अडलं, तर विंडोजच्या इंटरनेट ऑप्शन्समधल्या सिक्युरिटी टॅबवर ‘ट्रस्टेड साइट्स’मध्ये तो पत्ता टाका. कालबाह्य अ‍ॅक्टिव्हएक्सची अडवणूक त्या यादीतल्या साइट्सना लागू होत नाही. अर्थात, ज्या साइटवर खरंच भरवसा आहे तिच्यापुरतंच हे करा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) बदल करून सगळंच मोकळं करायचा सल्ला कुणी दिला तर सरळ कानाआड करा.

वेबवरचे जुने गेम, अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश प्लगइनची गोष्ट वेगळी. 12 जानेवारी 2021 पासून अडोबीनंच ते बंद पाडलंय, तेव्हा जुना इन्स्टॉलर शोधत बसू नका. त्यात व्हायरस मिळायची शक्यताच जास्त. जुने गेम, अ‍ॅनिमेशन बघायला ‘रफल’ हे मोफत एक्स्टेन्शन टाका.