उत्तरा-हस्ताच्या पावसाआधी शेतातील निचऱ्याचे चर : सोलापूरच्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

सोलापूर जिल्ह्यात निचऱ्याचा विषय काढला की बहुतेक जण हसतात. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी अडवायचे की बाहेर घालवायचे, असा त्यांचा प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. मात्र आपल्याकडचा पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. जून-जुलैमध्ये तो हुलकावणी देतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, दोन-चार जोरदार सरींत बरेचसे देणे चुकते करतो. त्या वेळी भारी काळी जमीन आधीच फुगून भेगा मिटवून बसलेली असते, पाणी आत मुरण्याचा वेग अगदी मंदावतो आणि तूर, कांदा, डाळिंब यांच्या मुळांभोवती दोन-दोन दिवस पाणी साचून राहते. म्हणून येथील चराचे काम सगळे पाणी पळवून नेण्याचे नसून, जमिनीला जेवढे पचेल तेवढे ठेवून वरचे जादा पाणी माती न वाहवता बाहेर काढण्याचे आहे. रब्बीची ज्वारी याच ओलीवर उभी राहते, हे चर काढताना विसरून चालणार नाही.

चर खोदण्यास सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर शेताच्या वरच्या टोकाला नाही, तर पाणी जेथे सोडायचे त्या खालच्या तोंडाशी आहे. ओढा, नाला, शेततळे किंवा सामाईक ओघळ यांपैकी पाणी कोठे जाणार, हे आधी ठरवावे आणि त्या तोंडापासून मागे मोजत वर यावे. उलट क्रमाने काम केलेले असंख्य चर शेजाऱ्याच्या बांधाशी येऊन थांबतात आणि मग भांडण पाण्याचे राहत नाही, बांधाचे होते. शेजाऱ्याने नैसर्गिक ओघळ बुजवून पाणी अडवले असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 अन्वये तहसीलदारांकडे अडथळा दूर करण्याची मागणी करता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आपणही नवा चर काढून पूर्वी वाहत नसलेल्या ठिकाणी पाणी सोडू नये, हेही तितकेच खरे आहे.

चराचा आकार अंदाजाने ठरवू नये, कारण हिशेब फारसा अवघड नाही. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडले. समजा 5 एकर, म्हणजे सुमारे 2 हेक्टर क्षेत्रावर तासाला 60 मिलिमीटर वेगाने सर कोसळली, तर तासाभरात 12 लाख लिटर पाणी येते. ओल्या काळ्या जमिनीतून त्यातील निम्मे वाहिले असे धरले, तर चराला दर सेकंदाला सुमारे 167 लिटर पाणी वाहून न्यावे लागेल. तळाशी 40 सेंटिमीटर रुंद, 50 सेंटिमीटर खोल आणि 100 मीटरला 30 सेंटिमीटर उतार असलेल्या मातीच्या चरातून एवढे पाणी साधारण एक फूट उंचीने वाहते आणि वर थोडी मोकळी जागा उरते. उतार याहून फार वाढवला, तर पाणी तळ कोरून घळ पाडते. फार कमी ठेवला, तर गाळ बसतो. काठ कधीही सरळ उभे खोदू नयेत. काळी माती ओली होऊन फुगते, वाळून आकसते आणि उभी कड पहिल्याच पावसाळ्यात आत कोसळते, म्हणून 1 फूट खोलीमागे काठ दीड फूट मागे घ्यावा. या मापाने वरची रुंदी सुमारे 1.9 मीटर होते. एवढी जमीन चरात जाते म्हणून मन कचरते, पण जेसीबीने पन्हाळीसारखा अरुंद चर मारून दुसऱ्या वर्षी तोच उपसण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

उतार मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन सारख्या काठ्या घेऊन दर 10 मीटरवर खुंटी ठोकत गेल्यास 3 सेंटिमीटरचा फरक सहज पकडता येतो. डोळ्यांवर विसंबू नये. सपाट वाटणारे काळे रान डोळ्याला हमखास फसवते.

शेताच्या वरच्या बाजूने माळाचे पाणी येत असेल, तर पहिला चर तेथेच, उताराला आडवा आणि किंचित तिरका काढावा. त्याची उपसलेली माती खालच्या अंगाला टाकावी, म्हणजे तिचाच बांध होतो. ती वरच्या अंगाला टाकली, तर येणारे पाणी मातीच्या ढिगाशी अडते आणि चर कोरडा राहतो. चरातून मुख्य ओघळीत पाणी उंचावरून पडते, तेथे दगडांचा उतरता थर द्यावा. तोंड कोरले गेले की घळ मागे सरकत शेतात शिरते. चराच्या काठावर मारवेल लावावा, तो माती धरतो आणि जनावरांना चाराही होतो. हराळीही माती धरते, परंतु ती पुढे बागेत शिरते, त्यामुळे ती आम्ही सुचवत नाही. गाडीवाटेखाली मातीत ओंडके टाकून केलेल्या मोरीपेक्षा पुरेशा व्यासाचा सिमेंटचा पाइप टाकलेला बरा.

डाळिंबाच्या बागेत विशेष काळजी घ्यावी लागते. झाडे गादीवाफ्यावर असतील, तर दोन ओळींच्या मधोमध उथळ, रुंद सरी पुरते आणि ती शेवटी बाहेरच्या चराला जोडावी. उभ्या बागेत खोडाजवळून यंत्राने चर मारल्यास मुळे तुटतात आणि तुटलेल्या मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते, म्हणून अशी खोदाई पावसाळ्यात मुळीच करू नये. रोग दिसलेल्या भागाचे पाणी निरोगी ओळींतून नेऊ नये.

पंढरपूर, माळशिरस भागातील कालव्याखालच्या चिबड, म्हणजे कायम पाणथळ राहणाऱ्या जमिनींचे दुखणे वेगळे आहे. तेथे पाणी वरून साचत नाही, खालून वर येते, त्यामुळे उघडा उथळ चर खोदून फारसे साधत नाही. पावसाळ्यानंतर दीड मीटर खोल खड्डा घेऊन दोन दिवसांनी त्यात पाणी किती वर आले, हे पाहावे. ते मीटरभराच्या आत असेल, तर सुमारे 1 ते 1.2 मीटर खोलीवर, गाळणीचे आवरण असलेले छिद्रांचे पाइप टाकण्याचा विचार करावा. पाइपांमधील अंतर जमीन तपासूनच ठरवावे आणि पाइपांतील पाणी सोडायला त्याहून खोल तोंड उपलब्ध आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

नदीकाठच्या शेतकऱ्यांनी एक मर्यादा मान्य करावी. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आला तसा पूर कोणताही चर थोपवू शकत नाही. उलट नदीत सोडलेल्या चरातूनच पाणी मागे शेतात येते. अशा चराच्या तोंडाशी मातीने भरलेली पोती आधीच रचून ठेवावीत, पाणी वाढताच तोंड बंद करावे आणि पूर ओसरताच उघडावे.

ही खोदाई मृगापूर्वी, जमीन कोरडी असताना उरकावी. पहिला मोठा पाऊस पडत असतानाच खोरे घेऊन चराकडेने फिरावे. पाणी कोठे तुंबते, कोठे काठावरून सांडते, ते त्याच वेळी दिसते आणि तेथे खुंट्या ठोकून ठेवल्यास वापसा आल्यावर, म्हणजे जमीन कामाजोगी सुकल्यावर, दुरुस्ती करता येते. ऑगस्टअखेर साठलेला गाळ एकदा उपसून घ्यावा.