नायटा की इसब? मलम लावण्याआधी या चुका टाळा

लाल, खाजरा चट्टा दिसला की घरात उरलेली ट्यूब लावायची, ही पहिली चूक. आधी चट्ट्याची कड नीट बघा. नायटा बुरशीमुळे होतो. त्याची कड उठलेली, कोंडा धरलेली असते. मधली त्वचा निवळत जाते आणि गोल बाहेर पसरतो. इसबाची कड पुसट असते. सोरायसिसमध्ये कड ठळक असली तरी चंदेरी पापुद्रे चट्टाभर असतात, बहुधा कोपर, गुडघे आणि डोक्यावर.

ही ओळख चुकली की नायट्यावर स्टिरॉइड लागतं, आणि खरा घोटाळा तिथे सुरू होतो. स्टिरॉइडने लाली आणि खाज लवकर उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात शरीराची बुरशीवरची प्रतिक्रिया दबलेली असते आणि बुरशी निवांत वाढत असते. मलम थांबवलं की चट्टा मोठा होऊन परततो. पुढे गोल आकारही मोडतो आणि डॉक्टरांनासुद्धा ओळखणं अवघड जातं. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं स्टिरॉइडची. बऱ्याच मलमांत बुरशीनाशकासोबत ती मिसळलेली असतात, त्यामुळे ट्यूबवरचे घटक वाचल्याशिवाय लावूच नका. महिनोन्‌महिने असं मलम लावलं असेल, तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.

नायट्याला क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन हे बुरशीनाशक मलम चालतं. ते कडेबाहेर सुमारे 2 सेंटीमीटरपर्यंत लावा आणि सांगितलेली मुदत पूर्ण करा. खाज थांबली हा औषध बंद करण्याचा इशारा नव्हे. डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून गोळ्या लागतात.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा मुळीच नाही. इसबात तेच कामाचं औषध आहे आणि भीतीपोटी चिमूटभर लावलं तर इसब हटत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, काख आणि जांघ इथली त्वचा पातळ, तिथे तीव्र स्टिरॉइड स्वतःहून लावू नका. कोरड्या, जाड चट्ट्याला तेलकट मलम बरं, ओलसर चट्ट्याला क्रीम.

बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि रात्री वाढणारी खाज असेल तर खरूज समजा. खरजेचे किडे मारणारं 5 टक्के पर्मेथ्रिन मलम फक्त पुरळावर लावणं व्यर्थ आहे. मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे राहते. तेवढ्यासाठी रोज औषध चोपडलं तर त्वचा आणखी चिडते.

स्पर्श न कळणारा फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर तो पूर्ण बरा होतो. रंग, आकार किंवा कड बदलणारा तीळ, महिनाभरात न भरणारी जखम, यांवरही कुठलंच मलम लावून वाट पाहू नका. त्वचारोगतज्ज्ञाला त्याच आठवड्यात दाखवा.