रक्तदाबाचे आकडे कसे वाचावेत

घरच्या यंत्रावर १४२/८६ असे आकडे दिसले, तर पहिला म्हणजे आपण ज्याला ‘वरचा’ म्हणतो तो, हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते त्या क्षणी धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब असतो. ‘खालचा’ आकडा दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडलेले असतानाचा दाब दाखवतो. दोन्ही मिलिमीटर पारा या एककात असतात. त्यांच्याखाली दिसणारा तिसरा आकडा नाडीचा असून त्याचा दाबाशी थेट संबंध नाही.

प्रौढांमध्ये १२०/८० च्या खालचा दाब चांगला मानला जातो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजण्यांमध्ये दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर आपल्याकडील डॉक्टर सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान करतात. घरी माणूस निवांत असल्याने तेथील सरासरीसाठी ही मर्यादा १३५/८५ धरली जाते. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी वाचलेले आकडे जुळत नाहीत. वरचा किंवा खालचा यांपैकी एकच आकडा मर्यादेबाहेर असला, तरी तो वाढलेलाच समजावा. साठीनंतर धमन्या ताठर होत गेल्याने १५८/७४ अशी मोजणी वारंवार आढळते आणि ‘खालचा ठीक आहे’ म्हणून घरातले निश्चिंत होतात. ही समजूत घातक आहे, कारण पक्षाघाताचा धोका वरच्या दाबानेही वाढतो.

मात्र एकाच मोजणीवरून काहीही ठरवू नये. जिना चढणे, गप्पा मारणे, लघवी तुंबलेली असणे, हात अधांतरी लोंबत ठेवणे, एवढ्यानेही आकडा वर जातो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि पट्टा बाहीवर न गुंडाळता उघड्या दंडावर बांधावा. दंड जाड असल्यास मोठा पट्टाच हवा. लहान पट्टा दाब खोटा वाढवून दाखवतो. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजून, ज्या हातावर दाब सातत्याने जास्त येतो तोच पुढे वापरावा.

सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सगळे आकडे वहीत लिहावेत. पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी आणि वही डॉक्टरांना दाखवावी. काहींचा दाब दवाखान्यातच वाढतो, तर काहींचा तेथे नेमका ठीक येतो आणि घरी जास्त असतो. हा दुसरा प्रकार वहीशिवाय सहसा उघडकीस येत नाही.

आकडा १८०/१२० च्या वर गेला, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे, दिसेनासे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही असेल, तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे नसतील आणि आकडा तेवढाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःहून जास्तीची गोळी घेऊ नये, कारण दाब एकदम उतरल्यास मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.