किनाऱ्यावर पथनाट्य? वारा पाठीवर घ्या

मे महिन्यात वर्सोवा, मढ, गोराईकडे संध्याकाळी उघड्यावर पथनाट्य किंवा गाणी करणार असाल तर आधी वाऱ्याची दिशा बघा. दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. नटांनी समुद्राकडे पाठ केली तर आवाज वाऱ्याबरोबर प्रेक्षकांपर्यंत जातो. उलटे उभे राहिलात तर पंधरा पावलांवरचा माणूस ‘काय? काय?’ करतो. आमची अख्खी पहिली एंट्री अशीच वाया गेली होती.

पण मग प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येते. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य सातच्या सुमारास बुडतो, म्हणून सव्वासातच्या आत सुरू करूच नका. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा असतो, हे धरून लांबी ठरवा.

ढोलकी आणि डफ किनाऱ्यावर तासाभरात उतरतात, दमट हवेने चामडे सैल पडते. डफ प्रयोगाआधी हलकेच शेकून घ्या, ढोलकी गोणपाटावर नव्हे तर सुक्या चादरीत गुंडाळून ठेवा.

वाळूवर रिंगण आखणार असाल तर भरतीची वेळ त्याच दिवसाची बघा, ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कालच्या तालमीचा अंदाज आज चालत नाही. आणि मोकळी दिसणारी जागा मोकळी असेलच असे नाही. तिथे कोळी मावशींचा जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत असतो. मावशींना आधी विचारा. त्या बऱ्याचदा स्वतःच जागा दाखवतात, वर पहिल्या रांगेत बसतात.