डब्ल्यूएसएलमधून डीबग प्रोब जोडताना

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय. तिथून मला डीबग प्रोब, म्हणजे बोर्डवरच्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचं आणि त्यातल्या चुका शोधायचं उपकरण, वापरायचा होता. प्रोबवरचा दिवा लागलेला, बोर्डला वीज मिळतेय, पण ओपन-ओसीडी हे प्रोब चालवणारं सॉफ्टवेअर म्हणे की डिव्हाइस सापडत नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, काही उपयोग नाही. मग लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली, तर यादीत प्रोब नव्हताच.

कारण साधं आहे. डब्ल्यूएसएल २ ही आभासी मशीन आहे. विंडोजला लावलेलं यूएसबी उपकरण तिला आपोआप दिसत नाही, ते मुद्दाम सोपवावं लागतं. त्यासाठी विंडोजवर यूएसबीआयपीडी हे साधन टाकलं. त्याच्या 'लिस्ट'मध्ये प्रोबचा बस क्रमांक मिळाला. अ‍ॅडमिन अधिकारांनी एकदाच 'बाइंड' (उपकरण सोपवण्यासाठी मोकळं करणं), मग 'अटॅच' (ते लिनक्सला जोडणं).

आता एलएसयूएसबीच्या यादीत ०४८३:३७४८ हा ओळख क्रमांक झळकला, म्हणजे माझा प्रोब, एसटी-लिंक व्ही २. तरी ओपन-ओसीडी अडलंच! या वेळी तक्रार परवानगीची होती. 'सुडो' लावून, म्हणजे अ‍ॅडमिन अधिकारांनी आज्ञा चालवून, काम भागतं, पण ती सवय मला पटत नाही. यूडेव्ह ही लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणारी यंत्रणा; तिचा नियम लिहिला, नियम पुन्हा लोड केले आणि प्रोब काढून परत लावला.

लावल्यावर 'अटॅच' पुन्हा द्यावं लागतं, हे मात्र लक्षात ठेवा. मी इथेच अर्धा तास घालवला. आणि प्रोब लिनक्सकडे असेपर्यंत विंडोजमधली साधनं त्याला हात लावू शकत नाहीत.